विज्ञापन आणि विज्ञापना

नोकरीच्या अर्जासोबत जे एक पानी पत्र जाते, त्याला बोलण्यात सगळेच 'कव्हर लेटर' म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. 'सोबतचे पत्र' हे साधे वर्णन त्यातल्या त्यात जवळचे. बायोडेटा शिक्षण, अनुभव, वर्षे आणि टक्के सांगतो आणि दहा ठिकाणी पाठवला तरी बहुतेक तसाच राहतो. सोबतचे पत्र एकाच जागेसाठी असते. त्या जागेला जे हवे आहे त्यातले उमेदवाराकडे काय आहे आणि ते खरे कशावरून, एवढेच त्याने सांगायचे असते. एका जागेचे पत्र दुसऱ्या जागेला जसेच्या तसे चालत असेल, तर ते पहिल्या जागेलाही नीट लागू नव्हते असे समजावे.

भोपाळच्या मराठी घरांत हिंदीच्या संगतीने जाहिरातीला सहज 'विज्ञापन' म्हटले जाते. याच शब्दाची मराठी बहीण 'विज्ञापना'. जुन्या मराठी पत्रव्यवहारात ती वरिष्ठाला लिहिलेल्या पत्राच्या मायन्यात येई. बरोबरीच्याला 'विनंती', हाताखालच्याला 'आज्ञा' आणि थोरांना 'विज्ञापना' अशी साधारण रीत होती. म्हणजे हिंदीतले विज्ञापन मालक काढतो आणि मराठीतली विज्ञापना नोकर करतो. संस्कृतात मात्र दोन्हींचा मूळ अर्थ एकच, कळवणे. नोकरीच्या पत्राचे बहुतेक दोष याच दोन शब्दांच्या घोळातून निघतात. समोर विज्ञापन असते, त्याला उत्तर द्यायचे असते. उमेदवार विज्ञापना लिहून मोकळा होतो.

ही सवय जुनी आहे. पत्र कोणाला आणि कोणत्या मायन्याने लिहावे याचे नियम सांगणारे 'मेस्तक' परंपरेने यादवांचे प्रधान हेमाद्री यांच्या नावावर सांगितले जाते. पुढे फारसी दफ्तराचे शब्द आले. 'उमेदवार' म्हणजे उमेद धरून असलेला. 'अर्ज' अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ मांडणे, समोर ठेवणे असा आहे. याचना त्याला नंतर चिकटली. शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकाने तिला आणखी घट्ट केले, कारण तिथे शिकवलेला अर्ज आजारपणाच्या रजेचा किंवा फी माफीचा असतो आणि तो खरोखरच काहीतरी मागण्यासाठी लिहिलेला असतो. हिंदी शाळेतला 'सविनय निवेदन है कि' आणि मराठी शाळेतला 'वरील विषयास अनुसरून' हे दोघे सख्खे भाऊ. दहावीत पाठ केलेला तो साचा पंचविसाव्या वर्षी नोकरी मागताना जसाच्या तसा बाहेर येतो.

भोपाळमध्ये या साच्याला आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि उरलेला भाग मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ राज्य यांच्याशी जोडून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ ठरली. नागपूरच्या सचिवालयातून आणि ग्वाल्हेर-इंदूरच्या दफ्तरांतून कितीतरी मराठी कर्मचारी या नव्या राजधानीत आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. पुढे तीच 'भेल'मध्ये विलीन झाली. सरकारी कचेरी किंवा भेल, हीच या घरांची नोकरीची कल्पना. घरात पत्र म्हणजे टिपणी आणि मसुद्याची भाषा: 'उपरोक्त', 'सादर', 'उचित कार्यवाहीस्तव'. फायलीला ती शोभते. माणसाची ओळख करून द्यायला ती कमी पडते.

आजही शहरातल्या पुष्कळ नोकऱ्यांना या पत्राची गरजच नसते. कर्मचारी निवड मंडळाची, म्हणजे पूर्वीच्या व्यापमंची परीक्षा असो की इंदूरच्या राज्य लोकसेवा आयोगाची, तिथे ऑनलाइन फॉर्म, फोटो, सही आणि शुल्क. फॉर्ममध्ये नसलेली गोष्ट सांगायला जागा नाही आणि सांगितली तरी कोणी वाचणार नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाचा दुसरीकडचा अर्ज कार्यालयामार्फत पुढे जातो. त्याला जोडलेले अग्रेषण पत्र वरिष्ठ लिहितो, उमेदवार नव्हे. पत्राला वजन येते ते इतर ठिकाणी: गोविंदपुरा आणि मंडीदीपचे कारखाने, खासगी शाळा, वृत्तपत्रे, स्वयंसेवी संस्था, आयसर किंवा एम्समधल्या प्रकल्पांवरच्या हंगामी जागा. तिथे निवड करणारा माणूस एखादा व्यवस्थापक, मुख्याध्यापक किंवा प्राध्यापक असतो. त्याच्यापुढे सारख्याच पदव्यांचे तीस-चाळीस बायोडेटा पडलेले असतात. कोणाला बोलवायचे हे त्याला लवकर ठरवायचे असते आणि पत्राची मदत होते ती याच घडीला.

लिहिण्याआधीचे काम म्हणजे जाहिरात फोडून वाचणे. एक काल्पनिक जाहिरात घेऊ. गोविंदपुऱ्यातल्या, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला गुणवत्ता निरीक्षक हवा आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा, दोन वर्षांचा अनुभव, मोजमापाच्या हत्यारांची माहिती, ड्रॉइंग वाचता येणे, संगणकावर नोंदी, शिफ्टची तयारी. या सहा मागण्या दिसायला सारख्या आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. शिक्षण आणि वर्षे बायोडेटातच दिसतात. पत्रात ती पुन्हा उगाळू नयेत. शिफ्टची तयारी एका वाक्याचे काम. खरा प्रश्न उरलेल्या तिघांत आहे: हा माणूस चुकलेला नग पकडेल का, आणि पकडल्याची नोंद ठेवेल का? पत्र त्या प्रश्नाला लिहायचे.

या जागेसाठी नेहमीच्या साच्यातले पत्र असे येईल: 'वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, मी आपल्या सुप्रसिद्ध संस्थेत सेवा करण्यास इच्छुक असून मेहनती, प्रामाणिक व होतकरू तरुण आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' यातला एकही शब्द खोटा असेलच असे नाही, पण एकही शब्द या उमेदवाराचा नाही. शेजारच्याचे नाव घातले तरी पत्र चालते. 'सहानुभूतिपूर्वक' तर उलटे काम करतो. सहानुभूती आजारी माणसाला द्यायची असते आणि कारखानदाराला आजारी निरीक्षक नको असतो.

त्याच उमेदवाराने असे लिहावे: 'गुणवत्ता निरीक्षकाच्या जागेसाठी हा अर्ज आहे. गेली अडीच वर्षे मंडीदीपच्या एका छोट्या कारखान्यात मी सीएनसीवर तयार झालेले भाग तपासतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग हे माझे रोजचे काम आहे.' तीन वाक्यांत कोणती जागा, कोण माणूस आणि का बोलवावे हे येऊन गेले. ओळख लांबवण्याची गरज नाही. 'माझे नाव अमुक' असे लिहिण्याचीही नाही. नाव खाली सहीपाशी असतेच.

पत्राचा गाभा मधल्या परिच्छेदात असतो आणि बहुतेक उमेदवार इथेच विशेषणांकडे वळतात. 'मेहनती', 'जबाबदार', 'टीमसोबत काम करण्याची आवड' या शब्दांची अडचण अशी की ते उमेदवाराने स्वतःबद्दल म्हणायचे नसतात. वाचणाऱ्याला वाटायला हवेत. त्याला तसे वाटावे यासाठी प्रसंग लागतो, तोही कामातला आणि छोटा: 'रात्रपाळीच्या एका मालात बोअरचे माप सतत मोठे येत होते. नग बाजूला काढण्यापुरते न थांबता मी तीन दिवसांच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा एकाच मशीनचे नग बाद होत असल्याचे दिसले. टूल बदलल्यावर माप ठिकाणावर आले. रिजेक्शनची वही तेव्हापासून मी एक्सेलमध्ये ठेवतो.' इथे मेहनतीचे नाव नाही, पण मेहनत आहे. शिवाय मुलाखतीत काय विचारायचे हेही वाचणाऱ्याला मिळाले. आकडा खरा असेल तरच द्यावा. मुलाखतीत 'कसे काढलेत?' या प्रश्नापुढे फुगवलेला टक्का टिकत नाही.

कोणती गोष्ट आधी आणि कोणती शेवटी, यासाठी एक जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरीसाठी पत्र तयार केले. त्याचा मसुदा 'कोडेक्स अटलांटिकस' या त्याच्या कागदांच्या संग्रहात आहे. लिओनार्दो तेव्हा तिशीत होता आणि चित्रकार म्हणून तयार झालेला होता. तरी पत्राची सुरुवात हलक्या, उचलून नेता येणाऱ्या पुलांनी होते. मग वेढा, तोफा, भुयारे, झाकलेले रणगाडे. शांततेच्या काळातली कामे शेवटाकडे येतात आणि चित्रकला त्यांच्यातही मागे. मिलानला युद्धाची धास्ती होती, चित्रांची निकड नव्हती. मात्र लुदोविकोला वडिलांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा हवा आहे हे त्याने हेरले होते आणि तोही विषय त्याने सोडला नाही. यातले काही जमणार नाही असे वाटत असेल तर प्रयोग करून दाखवतो, अशा तयारीनिशी पत्र संपते. स्वतःला सगळ्यात प्रिय असलेले कौशल्य शेवटी ठेवायला थोडे मन घट्ट करावे लागते. एम.ए.ला सुवर्णपदक मिळवलेल्या उमेदवारालाही शाळेच्या पत्रात आधी हे लिहावे लागते की सातवीच्या पन्नास मुलांचा वर्ग त्याने दोन वर्षे सांभाळला आहे.

उणी बाजू लपवायची की सांगायची, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो: मध्येच सुटलेले शिक्षण, दोन वर्षांची रिकामी जागा, बाळंतपण, वडिलांचे आजारपण, तीनदा देऊन हुकलेली परीक्षा. भोपाळमध्ये शेवटचे कारण फार सामान्य आहे, एम.पी. नगरच्या कोचिंग क्लासांत कित्येकांची वर्षे जातात. उत्तर एका वाक्यात द्यावे, तारखांसह, रडगाणे न गाता, आणि लगेच पुढे जावे. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. मॅट्रिक झालेले, एफ.ए.पर्यंत शिकलेले, पण ती परीक्षा पदरात न पडलेले. अडचणींमुळे शिक्षण पुढे नेता आले नाही, मात्र सगळा वेळ गणितात गेला, असे त्यांनी सरळ मांडले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले. १ मार्चपासून ते महिना ३० रुपयांवर कामाला लागले. पुढच्या जानेवारीत केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहितानाही त्यांनी आपण पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातले कारकून आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगितले आणि सोबत सुमारे १२० प्रमेये पाठवली. ओळख थोडी, पुरावा भरपूर. ज्याच्याकडे पदवीचा कागद नाही त्याने केलेले काम दाखवावे, ही रीत चित्रकार, छायाचित्रकार, प्रोग्रामर आणि पत्रकार यांना आजही लागू आहे.

संस्थेबद्दल किती लिहावे? दोन वाक्ये पुरेत, पण ती स्तुतीची नसावीत. 'आपली नामांकित संस्था' हे कोणालाही लागू पडते. भोपाळच्या 'एकलव्य' या शिक्षणातल्या संस्थेकडे अर्ज करायचा असेल तर तिने १९८२ पासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सांभाळला, मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा हा कार्यक्रम त्याआधी १९७२ मध्येच सुरू झाला होता, आणि १९८५ पासून ती 'चकमक' हे मुलांचे मासिक काढते, एवढे ठाऊक असायला हवे. पण ही माहिती तिलाच परत ऐकवण्यात अर्थ नाही. स्वतःच्या वर्गात लिटमस कागद नव्हता तेव्हा हळदीच्या कागदाने साबणाचे पाणी कसे तपासले, हे उमेदवाराने लिहिले तर संस्थेला आपोआप समजते की या माणसाला आपले काम कळले आहे.

भाषेचा प्रश्न भोपाळच्या मराठी उमेदवारापुढे जरा वेगळा उभा राहतो. जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्या भाषेत, हा सोपा नियम. म्हणजे बहुतेकदा हिंदी किंवा इंग्रजी. इंग्रजीत चूक झाली तर ती चूक म्हणून कळते. हिंदीत धोका अधिक, कारण शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ फिरलेला असतो. मराठीत शिक्षण घेतात, शिक्षा भोगतात. हिंदीत शिक्षा हीच शाळेत मिळते. हिंदी पत्र मराठीत उतरवताना 'मेरी शिक्षा भोपाल में हुई' याचे 'माझी शिक्षा भोपाळमध्ये झाली' केले तर वाचणारा दचकेल. मराठीत 'संशोधन' म्हणजे शोधकार्य, हिंदीत दुरुस्ती; प्रकल्प सहायकाने हिंदी पत्रात 'तीन वर्ष संशोधन किया' लिहिले तर तीन वर्षे तो प्रुफे तपासत होता असे वाटू शकते. तिथे 'शोध' किंवा 'अनुसंधान' हवे. मराठी माणूस नोकरीचा राजीनामा देतो. हिंदीत राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींमधली तडजोड, नोकरी सोडण्याचा तो 'त्यागपत्र' किंवा 'इस्तीफा'. मराठीत गुणवत्तेची 'यंत्रणा' उभारणे हे कौतुकाचे काम. हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. मराठीतला 'अभ्यास' हिंदीत सराव होतो. हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न; मराठीत तीच थट्टा होते. मराठीच्या 'पदवी'ला हिंदीत 'उपाधि' म्हणतात आणि मराठीत 'उपाधी' ही मागे लागलेली कटकटही असू शकते. पत्र दोन्ही भाषा येणाऱ्या कोणाकडून तरी एकदा वाचून घेणे, हा यावर सगळ्यात स्वस्त उपाय.

उसन्या साच्याची आणखी एक चोरी क्रियापदात पकडली जाते. मोठ्या भावाचे पत्र घेऊन बहिणीने नाव बदलले, पण 'अर्ज करतो' तसेच राहिले. मराठी आणि हिंदी दोन्हींत क्रियापद लिंग सांगते, त्यामुळे पहिल्या ओळीतच पत्र परक्याचे असल्याचे उघड होते. हल्ली संगणकाकडून लिहून घेतलेल्या पत्रांचेही तेच. ती निर्दोष असतात, पण एकाच जागेसाठी आलेली दहा पत्रे एकाच घरात वाढल्यासारखी दिसतात.

काय गाळावे हेही ठरलेले असावे. जन्मतारीख, धर्म, जात, वडिलांचा हुद्दा, उंची, रंग, 'घरची परिस्थिती' यांना नोकरीच्या पत्रात जागा नाही. मराठी घरांत बायोडेटा हा शब्द लग्नासाठीही तितकाच चालतो आणि दोन बायोडेटांची सरमिसळ होते. नोकरीच्या कागदात गोत्र आणि नाडी आलेली असतात ती त्यातून. पगाराची अपेक्षा जाहिरातीने विचारली असेल तरच लिहावी. आधीच्या मालकाविषयी तक्रार कितीही खरी असली तरी इथे नको. वाचणारा स्वतः मालक असतो आणि आपल्या मागे काय बोलले जाईल याचा अंदाज तो त्यावरून बांधतो. सध्याच्या नोकरीतून किती दिवसांत मोकळे होता येईल हे मात्र सांगावे. रुजू होण्याची तारीख कारखान्याला कळायलाच हवी.

रूपाचे नियम थोडे आहेत. छापील पत्र एका पानाचे, तीनशे शब्दांच्या आत. ई-मेलमधले त्याहून लहान, कारण ते बहुधा फोनवर वाचले जाते. विषयाच्या ओळीत पदाचे नाव, जाहिरातीचा क्रमांक असल्यास तो, आणि स्वतःचे नाव. पत्र ई-मेलच्या मजकुरातच लिहावे आणि बायोडेटा पीडीएफ करून जोडावा; फाइलला 'न्यू बायोडेटा फायनल २' असे न म्हणता स्वतःचे नाव द्यावे. हिंदी-मराठी टायपिंगची अडचण वेगळी. मध्य प्रदेशातल्या कितीतरी कचेऱ्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव फॉन्ट चालतो. ज्याच्या यंत्रावर तो नाही त्याला देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो आणि पत्र उघडताच बंद होते. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगलसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र कुठेही उघडते. पाठवण्याआधी ते स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवून फोनवर उघडून पाहावे.

मायना साधा असावा. नाव माहीत असेल तर 'श्री.' किंवा 'श्रीमती' लावून, नसेल तर 'महोदय/महोदया'. 'परमपूज्य', 'कृपाभिलाषी', 'आज्ञाधारक' हे शब्द आता पत्राला जुनाट करतात. शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू' पुरते. समारोपात 'मुलाखतीसाठी कोणत्याही दिवशी येऊ शकतो, सोबत मोजमापाच्या नोंदींचे नमुने आणीन' अशी करण्याजोगी गोष्ट असावी. आभार एकदा मानावेत.

पत्र गेल्यावर आठ-दहा दिवसांनी दोन ओळींची विचारणा चालते. रोज फोन केल्याने उलट वैताग येतो. पत्राची प्रत आणि मूळ जाहिरात एकत्र जपून ठेवावीत. अंतिम तारीख उलटल्यावर संकेतस्थळावरून जाहिरात काढली जाते, मुलाखतीचा फोन येतो तो महिन्याने, आणि समोरचा माणूस पत्रातलेच वाक्य वाचून विचारतो, 'ते बोअरचे प्रकरण काय होते?'